खिडक्या बंद ठेवा

ओटा आम्ही विजापूर रोडच्या वखारीतून आणला.
इलकलकडचा, लालसर, आत काळे दाणे.
शेंगाचटणी सांडली तरी दिसत नाही,
या एकाच गुणावर मी तो पसंत केला.

मग कॅल्गरीहून लेकीचा फोन.
आई, ग्रॅनाइटमधून वायू निघतो,
रंग नाही, वास नाही, रेडॉन त्याचं नाव.
मी म्हटलं, वास नसलेलं काही
माझ्या स्वयंपाकघरात अजून तरी टिकलेलं नाही.
ती हसली नाही.
आठवड्याने कुरिअरवाला एक डबी देऊन गेला.
आत कोळसा. न पेटवायचा.

सूचना चष्मा लावून दोनदा वाचल्या.
ओट्यावर ठेवू नका.
माणूस श्वास घेतो त्या उंचीला ठेवा.
हलवू नका.
चार दिवस खिडक्या बंद ठेवा.

एप्रिल संपत आलेला. पारा चव्वेचाळीसवर.
हे लिहिणाऱ्याला एकदा
दुपारी दोनला सात रस्त्यावर उभं करायला हवं,
अनवाणी.

डबी मी फळीवर ठेवली,
ज्वारीच्या डब्याशेजारी, माझ्या नाकासमोर.
हे ओला टॉवेल डोक्यावर घेऊन
पेपरने वारा घालत बसले.
म्हणाले, वायू मारील तेव्हा मारील,
आज भाकरी तरी गॅलरीत थाप.
मी थापली नाही.
आतच उभी राहिले, घामात,
कुणाची तरी परीक्षा चालू आहे
आणि आपण आवाज करायचा नाही, अशी.

तिसऱ्या दिवशी नागेश विटकर आला.
सिंकचा सांधा गळत होता, मीच बोलावलेलं, विसरले होते.
दार लावून घे, लवकर, लवकर, मी ओरडले.
तो गोंधळून आत, पिशवी छातीशी धरून.
मी त्याला सगळं सांगितलं, डबी दाखवली, लांबूनच.

"ह्यातनं गॅस येतंय?"
त्याने ओट्यावर तळवा ठेवला,
म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.
"अक्का, बसवलेला दगड काय करत नाय."

फेब्रुवारीत त्याने हाच दगड
आमच्या फाटकाबाहेर कापला होता, दोन दिवस.
मशीनची किंकाळी, तोंडाला रुमाल,
भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.
शेजारच्या बिराजदारांची स्कूटर पांढरी झाली
म्हणून केवढं भांडण.
मी मध्ये पडले होते. स्कूटरीसाठी.

सिलिकॉनची नळी दाबता दाबता तो खोकला.
थांबला. परत खोकला.
"थोरल्यालाबी असंच व्हायचं.
सिव्हिलला टीबी म्हणून लिहिलं,
सहा महिने गोळ्या खाल्ल्या त्यानं.
मागनं कळलं, टीबी नव्हताच."
मग डबीकडे बघून, अगदी सहज,
"हे आमच्या शेडात ठेवलं तर सांगतंय का काय?"

नाही, मी म्हटलं.
ही धूळ मोजत नाही.
ही फक्त ते एकच मोजते.

"मग ऱ्हाऊ द्या."
साडेतीनशे रुपये मोजून घेतले,
पाणी प्याला, तांब्या उंच धरून,
आणि दार स्वतःच घट्ट ओढून गेला,
माझ्या डबीसाठी.

दहाव्या दिवशी निकाल आला. अठरा.
शंभराच्या आत असलं की काळजी नाही, खाली लिहिलेलं.
लेक फोनवर पहिल्यांदाच मोठ्याने हसली.
ह्यांनी पेपरमधून नुसतंच हं केलं.

आज स्वयंपाकघर झाडायला काढलं.
खिडकीचं तावदान सरकवलं तर अडकलं.
खाचेत बोट घातलं,
बोटाच्या टोकाला बारीक पूड, पिठीसारखी,
फेब्रुवारीची.

फुंकर मारणार होते.
ओठ तसे झालेही होते.

मग फडकं नळाखाली धरलं,
पिळलं,
आणि श्वास धरून
खाच पुसून घेतली.